उरलेले गुण कोणाचे?

आर्णीला कसं जायचं, हे मी नाशिकमध्ये सहा जणांना विचारलं. सहाही जणांनी उत्तर देण्याआधी मलाच विचारलं, ‘‘तिथे काय आहे?’’ परत येऊन आठ दिवस झाले, आता सांगू शकते. तिथे कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या आहेत, शेंगांनी वाकलेली तूर आहे, आमच्या बटाटेवड्याने नमस्कार करावा असा आलूबोंडा आहे आणि कबड्डी आहे. अशी कबड्डी, की सव्वीस वर्षं क्रीडापानावर पाळलेला माझा एक नियम तिथे मोडला. म्हणजे खरं तर दोन मोडले. क्रमाने सांगते.

जाण्याचं कारण साधं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण वार्ताहरांची कार्यशाळा आर्णीत होती आणि ‘सामन्याच्या ठिकाणी वार्ताहराने कसं वागावं’ यावर मला दोन तास बोलायचं होतं. मी याद्या करणारी बाई आहे. प्रवासाच्या सामानाची तेवीस वस्तूंची यादी केली आणि दुसऱ्या कागदावर माझे दहा नियम लिहिले. सामानातलं काही विसरलं नाही. नियमांचं काय झालं, ते पुढे आहे.

शुक्रवार, आर्णी

सभागृहाबाहेर मोटारसायकलींची रांग लागली होती. आत चाळीसेक वार्ताहर. कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, एकाचं खतांचं दुकान. आमच्याकडे क्रीडावार्ताहर म्हणजे नुसता क्रीडावार्ताहर. इथे तोच माणूस सकाळी कापूस वेचणीला बाया नेतो, दुपारी ग्रामसभेची बातमी देतो आणि चार वाजता मैदानावर हजर असतो. मला ते फार आवडलं.

मी नियम वाचायला सुरुवात केली. टाळी वाजवायची नाही. संघाची टोपी घालायची नाही. सत्कार घ्यायचा नाही. सामन्याआधी खेळाडूच्या घरी जेवायचं नाही. ‘आपला संघ’ असं लिहायचं नाही...

पाचव्या नियमाला एक गृहस्थ उभे राहिले. पुसदचे देशपांडे काका. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर वार्ताहर झालेले, गळ्यात चष्म्याची दोरी, आवाज मैदानी.

‘‘मॅडम, एक शंका हाये. आपल्या गावची पोरगी एका चढाईत तिघी बाद करून आली अन् मी हाताची घडी घालून बसू? मले तर बीपीची गोळी घ्या लागन!’’

सभागृह हसलं. मागून कुणी तरी ओरडलं, ‘‘काका, तुमी तर टॉस जिंकला तरी नाचता!’’

‘‘नाचतो! कोण्या बातमीत लिहिलं काय मी नाचलो म्हणून?’’

हशा ओसरल्यावर काकाच म्हणाले, ‘‘गंमत सोडा. तटस्थ माणूस पाहाचा असन तर ह्या वसरामभाऊले पाहा. ह्याच्यासारखा जिल्ह्यात दुसरा नाई.’’

वसराम राठोड संकोचत उठले. पंचेचाळिशीचे, सडपातळ, पांढराशुभ्र सदरा. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर घर, थोडी कापसाची शेती. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांच्या पद्धती कळल्या. सदरा नेहमी पांढरा, कारण कोणत्याही संघाचा गणवेश पांढरा नसतो. बसायची जागा बरोबर मध्यरेषेसमोर. चहा दोन्ही गावांचा नको म्हणून घरून थर्मास.

‘‘अन् सत्कार?’’ मी विचारलं. ‘‘आयोजक नारळ देतात त्याचं काय करता?’’

‘‘नाई म्हटलं तर माणसं नाराज होते, मॅडम. मी घेतो अन् तिथंच फोडतो. एक वाटी ह्या संघाले, एक त्या.’’

सव्वीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं! मी तिसऱ्या नियमापुढे ‘किंवा फोडून वाटावा’ असं लिहिलं आणि सगळ्यांना वसरामभाऊंसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. लक्षात ठेवा, मीच लावल्या.

जेवणाच्या सुट्टीत आलूबोंडा आला, वर लाल रस्सा. तिखट किती आहे, असं विचारलं तर वाढणारा ‘‘बेताचाच हाये’’ म्हणाला. त्या बेताने मला समारोपाच्या भाषणभर उचकी लागली होती. निघताना वसरामभाऊंनी एक जाड वही हातात ठेवली. त्यांच्या छापून आलेल्या बातम्या, तारखेप्रमाणे चिकटवलेल्या. ‘‘चुका काढून द्या मॅडम. अन् रविवारी आमच्याकडे फायनल हाये मुलींची. फुलसावंगी अन् पुसद. तुमाले याच लागन.’’

माझ्या यादीत रविवार ‘परतीचा प्रवास’ असा होता. मी तो खोडला.

शनिवार, पुसद

पुसद मोठं आणि गजबजलेलं गाव. देशपांडे काकांनी सकाळी बाजार दाखवला आणि कच्चा चिवडा खायला घातला. आमच्याकडे चिवडा आधी परततात. इथे कच्च्या पोह्यांवर तेल, तिखट, मीठ, कांदा टाकून समोरच कालवतात आणि पहिल्या घासालाच माणूस गप्प होतो. काका मात्र गप्प झाले नाहीत. पुसदच्या संघातल्या सातही मुलींची स्तुती त्यांनी चिवडा संपेपर्यंत केली.

दुपारी लॉजवर वसरामभाऊंची वही उघडली. भाषा स्वच्छ. विशेषणं मोजकी. पराभूत संघालाही दोन ओळी. मी मनात शंभरपैकी नव्वद गुण दिले आणि सवयीने पेन्सिल घेऊन आकडे तपासू लागले. कबड्डीच्या बातमीत मी हे नेहमी करते. खेळाडूंचे गुण मांडायचे, समोरचा अख्खा संघ बाद केला की मिळणारे लोणाचे दोन-दोन मिळवायचे, समोरची खेळाडू स्वतःहून रेषेबाहेर गेली असेल तर तेही धरायचे. बेरीज संघाच्या गुणांइतकी आली पाहिजे.

फुलसावंगीच्या पहिल्याच बातमीत ती आली नाही. संघाचे एकतीस, बेरीज बावीस. नऊ गुण कुठे गेले? छापताना एखादं नाव गळलं असेल, म्हणून पुढची बातमी घेतली. तिथे अकरा उरले. तिसरीत आठ. मी ताठ बसले. वहीत फुलसावंगीच्या मुलींच्या अकरा बातम्या होत्या. दर वेळी आठ ते तेरा गुण उरत होते आणि दर वेळी शेवटून दुसरं वाक्य तेच होतं : ‘अन्य खेळाडूंनी चांगली साथ दिली.’

इतर गावांच्या बातम्या तपासल्या. तिथे पै न पै जुळत होती. म्हणजे माणूस गणितात कच्चा नाही. मग फुलसावंगीत सामन्यामागून सामन्यात दहा-दहा गुण मिळवणारी ही ‘अन्य’ कोण? रविवारची मला इतकी घाई झाली, की मी घड्याळाचा गजर दोनदा तपासला.

रविवार, फुलसावंगी

सकाळच्या एसटीने काका आणि मी निघालो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, मध्येच सागाची झाडी. काका बसभर वाहकाला अंतिम सामना समजावून सांगत होते. फुलसावंगीला वसरामभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. ते काकांना म्हणाले, ‘‘तुमी ग्राउंडवर व्हा काका, मॅडमले जेवाले नेतो.’’

तांड्यावरचं घर नेटकं, अंगणात कापसाचा ढीग. वसरामभाऊंच्या पत्नीने ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची आमटी वाढली. बंजारा लोक भाकरीला बाटी म्हणतात, हे मला तिथे कळलं. ओल्या तुरीची ती आमटी मी तीन वेळा मागून घेतली. चौथी बाटी हातात असताना आतून एक मुलगी बुटांच्या नाड्या बांधत बाहेर आली. निळा गणवेश, पाठीवर सात नंबर.

‘‘याडी, माह्यं क्रेप बँडेज कुठी हाये?’’ तिने आईला विचारलं. मग मला पाहून म्हणाली, ‘‘नमस्ते मॅडम. बापू सांगत होते तुमच्याबद्दल. लय नियम हायेत म्हणे तुमचे.’’

घास हातातच राहिला. सामन्याआधी खेळाडूच्या घरी जेवायचं नाही. नियम चौथा. आणि मी पोटभर जेवले होते.

‘‘वसरामभाऊ, तुमची मुलगी संघात आहे?’’

‘‘हाओ. पायल. खेळते आपली,’’ ते ताटाकडे पाहत म्हणाले.

‘‘चढाई करतेस?’’ मी तिला विचारलं.

‘‘चढाईच करतो मॅडम. दुसरं काय येते मले?’’ ती हसली आणि पटकन आतून एक फाईल घेऊन आली. ‘‘तुमी पेपरवाल्या हा, म्हणून दाखवतो. नागपूरच्या कॉलेजात कबड्डीच्या पोरींले होस्टेल फुकट हाये. फॉर्मसोबत कात्रणं लागते. ती पाहूनच ट्रायलले बोलवते. मंगळवार शेवटची तारीख.’’

फाईलमध्ये त्याच अकरा बातम्या होत्या. प्रमाणपत्रंही होती, पण ती बाराही जणींना सारखीच मिळालेली. बातम्यांमध्ये मनीषाचं नाव होतं, शीतलचं होतं. पायलचं एकदाही नव्हतं. मात्र प्रत्येक कात्रणाच्या समासात पेन्सिलीने एक बारीक आकडा लिहिलेला. नऊ. अकरा. आठ. मी पिशवीतून कालचा कागद काढून शेजारी ठेवला. अकराच्या अकरा आकडे तेच.

‘‘हे कोणी लिहिले?’’

‘‘मी. आपले किती झाले ते आपल्याले तर माहीत पाहिजे ना,’’ पायल म्हणाली. मग वडिलांकडे न बघता, ‘‘अन्य खेळाडू म्हंजे मीच हाओ, मॅडम.’’



वसरामभाऊंनी हात धुतले. मग सावकाश बोलले. चार वर्षांपूर्वी पायलच्या पहिल्याच सामन्याच्या बातमीत त्यांनी तिचं नाव लिहिलं होतं; ते कात्रण त्यांनी नंतर फाडून टाकलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकाने पेपर उघडून सगळ्यांसमोर विचारलं, ‘घरचाच पेपर झाला काय, भाऊ?’ हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने कार्यालयात तक्रार केली. कार्यालयातून फोन आला. ‘‘वीस वर्षं झाली मॅडम, एका माणसानं माह्या बातमीवर बोट ठेवलं नव्हतं. म्या ठरवलं, पोरीचं नावच लिहाचं नाई. मंग कोण काय बोलन?’’

‘‘पण ही तटस्थता नाही,’’ मी म्हणाले. ‘‘ही बातमी चुकीची आहे. बेरीज चुकते तुमची.’’

‘‘परवा तर तुमीच माह्यासाठी टाळ्या वाजवाले लावल्या.’’

‘‘लावल्या,’’ मी म्हणाले. ‘‘तेव्हा आकडे तपासले नव्हते. चूक माझी.’’

‘‘मंग आज तुमी लिहा.’’

‘‘मी कशी लिहू? मी तुमच्या घरी चार बाट्या खाल्ल्या!’’

पायल खळखळून हसली. ‘‘म्हंजे आज माह्यं नाव लिहाले एकही माणूस चालत नाई काय? बरं, मी चाल्ली. वॉर्मअप हाये.’’ दारात थांबून ती वडिलांना म्हणाली, ‘‘बापू, चांगलं लिहू नका. बरोबर लिहा.’’

मैदानावर शाळेच्या भिंतीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, टाकीच्या जिन्यावर माणसंच माणसं. आयोजकांनी मला नारळ दिला, मी तो तिथेच फोडला आणि नेमकी एक वाटी मोठी निघाली. मोठी कोणाला द्यायची? वसरामभाऊंनी शांतपणे तिचा एक तुकडा तोडून पंचांना दिला. मग दोन्ही सारख्या झाल्या.

पत्रकारांच्या टेबलापाशी जाताना मला तोडगा सापडला. मी देशपांडे काकांना गाठलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ‘‘काका, तुम्ही आणि वसरामभाऊ दोघांना एकाच पेपरसाठी बातमी द्यायची आहे. आज अदलाबदल करा. फुलसावंगीच्या मुलींचे गुण तुम्ही लिहा, पुसदच्या मुलींचे ते लिहितील.’’

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ‘‘म्हंजे मी दुश्मनाच्या पोरींचं लिहू?’’

‘‘हो. आणि पक्षपात केला असं तुम्हाला कुणी म्हणेल का?’’

काकांनी टेबलावर हात आपटला. ‘‘मले? पुसदच्या देशपांड्याले? कोणाची हिंमत हाये!’’

वसरामभाऊंनी वहीचं नवं पान उघडलं आणि वर ‘पुसद’ लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं.

सामना सुरू झाला आणि पायलची पहिली चढाई पाहून मला कळलं, आकडे किती कमी सांगतात! ती धावत जात नव्हती. अंदाज घेत, जवळजवळ रेंगाळत जात होती आणि अचानक तिचा पाय कुठून तरी विजेसारखा येऊन कुणाला तरी शिवून परत गेलेला असायचा. पुसदच्या मुली पकडीत जबरदस्त होत्या. चार जणींची साखळी आणि कोपऱ्यातली एक उंच मुलगी तर घोट्याला हात घातला की सोडायचीच नाही. मध्यंतराला पुसद सतरा, फुलसावंगी चौदा.

काका एका हाताने फुलसावंगीचे गुण लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने पुसदला प्रोत्साहन देत होते. ‘‘धरा रे तिले! ...नऊ झाले हिचे. धरा ना वो बाई! ...दहा.’’ वसरामभाऊ दगडासारखे बसले होते. थर्मासचं झाकण त्यांनी तीनदा उघडलं आणि चहा न ओतता तीनदा लावलं.

उत्तरार्धात फुलसावंगीने लोण दिला आणि गोंधळ इतका वाढला, की पंचांची शिट्टी ऐकू येईना. शेवटचं मिनिट. फुलसावंगी एकतीस, पुसदही एकतीस. शेवटची चढाई पायलची. एक गुण मिळाला तर विजय, पकड झाली तर तो गुण पुसदचा. तिने डावीकडे हूल दिली, उजवीकडच्या मुलीला शिवायला वळली, तेवढ्यात कोपऱ्यातल्या उंच मुलीने घोटा धरला. पायल पडली, सरपटली. दोघी अंगावर. मध्यरेषा हातभर लांब, मग वीतभर. बोटं लांब केलेली...

शिट्टी. पकड. पुसद एका गुणाने विजयी.

मी उभी होते. दोन्ही हात जोरजोरात टाळ्या वाजवत होते आणि ते माझेच होते. कोणासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. पकडणारीसाठी की सरपटणारीसाठी? बहुधा त्या वीतभर जमिनीसाठी. पहिला नियम गेला. काका नाचत होते. फक्त वसरामभाऊ बसून होते आणि पुसदच्या पानावर लिहीत होते : ‘शेवटच्या चढाईत निर्णायक पकड.’ मुलीला कुणी पकडलं, ते नाव त्यांनी कंसात नीट, पूर्ण लिहिलं. मग पेन खाली ठेवून दोन्ही तळव्यांनी चेहरा पुसला.

ऊन उतरायच्या आत बातमी पाठवायची होती. टेबलावर खरं युद्ध तेव्हा झालं.

‘‘पायलचे पंधरा,’’ काका म्हणाले.

‘‘तेरा,’’ वसरामभाऊ म्हणाले. ‘‘पूर्वार्धातला बोनस-रेषेचा गुण खरा नव्हता. मागचा पाय जमिनीले टेकला होता.’’

‘‘पंचानं दिला ना! अन् ती पकड? पायलनंच आधी हात घातला.’’

‘‘पकड शीतलची.’’

‘‘अरे, म्या माह्या डोयानं पाह्यलं! पोरगी तुह्यी अन् गुण मी मागून राह्यलो! काहून कंजुषी करून राह्यला बापा?’’

पुसदचा पक्का पाठीराखा विरुद्ध संघातल्या मुलीचे गुण वाढवायला भांडत होता आणि बाप कमी करायला. इतकी वर्षं मी पत्रकार कक्षात बसते आहे, असं भांडण पाहिलं नव्हतं. मी माझ्या कागदाकडे पाहिलं. माझे चौदा होते. पण चार बाट्यांमुळे माझा आकडा चालणार नव्हता. आम्ही तिघं गुणलेखकाकडे गेलो. अधिकृत कागदावर बोनस होता आणि पकड शीतलच्या नावावर होती. चौदा.

‘‘चौदा तर चौदा,’’ काका कुरकुरले. ‘‘एक गुण गेला आमचा.’’

‘‘आमचा?’’ मी विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

बातमी फोनवरून वाचून दाखवायची होती, कारण तिथे नेट येत-जात होतं. पुसदचा भाग वसरामभाऊंनी वाचला आणि फोन काकांकडे दिला. काकांनी फुलसावंगीचा भाग सुरू केला. पलीकडून काही तरी विचारणा झाली असावी. काका गरजले, ‘‘हाओ, राठोडच! त्याचीच पोरगी! अन् बातमी म्या लिहिली हाये, पुसदच्या देशपांड्यानं. नाव लावा माह्यं!’’

सोमवार, पुन्हा फुलसावंगी

रात्री मुक्काम वसरामभाऊंकडेच केला होता आणि आता परतीच्या एसटीला अर्धा तास होता. बसथांब्यावर वसरामभाऊ आणि पायल सोडायला आले होते. तिच्या कोपरावर खरचटल्याची मोठी जखम, हातात कात्री. पेपरचा गठ्ठा सुटला तशी तिने पहिली प्रत ओढली. मथळा पुसदचाच होता, तसाच असायला हवा होता. त्याखाली : ‘पायल राठोडच्या चौदा गुणांनंतरही फुलसावंगी एका गुणाने पराभूत.’

टपरीवरचा एक माणूस पेपरावरून मान वर करून म्हणाला, ‘‘काय भाऊ, पोरगी आली पेपरात?’’ वसरामभाऊंचा हात सदऱ्याच्या गुंडीकडे गेला.

‘‘खाली नाव वाचा काका,’’ पायल म्हणाली. ‘‘देशपांड्यांनी लिहिलं हाये.’’

त्याने वाचलं. ‘‘पुसदवाल्यानं? मंग खरंच खेळली असन पोरगी.’’ आणि तो पुढच्या पानावर गेला. चार वर्षांची भीती एवढ्यात संपली.

पायल मात्र बोटांवर मोजत होती. ‘‘माह्ये चौदा. मनीषा आठ, बावीस. शीतल पाच, सत्तावीस. लोणाचे दोन. त्या स्वतः बाहेर गेल्या त्याचे दोन.’’ ती थांबली. ‘‘एकतीस.’’

‘‘अन् शेवटी धरली गेली, ते?’’ वसरामभाऊंनी विचारलं.

‘‘तेही हाये, बापू. नावानिशी.’’

तिने बातमी कडेने कापली, फाईलमध्ये सर्वांत वर ठेवली आणि सवयीने कानामागची पेन्सिल हातात घेतली. समासावर टोक टेकवून क्षणभर तशीच थांबली. मग पेन्सिल परत कानामागे खोचली. लिहायला काही उरलंच नव्हतं.